बीडमधली स्पोकन इंग्लिशची बॅच, दोन महिन्यांचा अनुभव, आणि त्यात कळलेला 'हेडवे'

गटातल्या बऱ्याच जणींनी विचारलं की क्लास कसाय, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. क्लासचं नाव टाकत नाही कारण सरांना जाहिरात केलेली आवडत नाही, बोर्डसुद्धा लावलेला नाही, ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मेसेज करा, पत्ता देते. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेत, घराच्या गच्चीवर पत्रे टाकून खोली काढलीय, तिथं संध्याकाळी साडेसहा ते आठ बॅच असते, सोमवार ते शुक्रवार. मी ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५ अशी दोन महिने केली.

आधी मी का गेले ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी एका संस्थेत फील्ड कोऑर्डिनेटर आहे, गेवराई आणि शिरूर कासार तालुक्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे बचत गट बघते. आपल्याकडं सगळ्यांना माहितीच आहे, दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाडं निघतात ती मार्च-एप्रिलला परततात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे दोघांची मिळून एक जोडी मोजली जाते, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात येते, बाईनं तेवढाच ऊस तोडलेला असतो पण पैसा तिच्या नावावर कुठंच दिसत नाही. म्हणून आम्ही बायकांची स्वतःची बँक खाती काढायचं काम घेतलं होतं. ऐकायला सोपं वाटतं, पण आधारवर नाव एक, रेशनकार्डावर एक, माहेरचं आडनाव तिसरीकडं, मोबाईल नंबर नवऱ्याचा, आणि बँकेत गेलं की उद्या या. मागच्या वर्षी एका गावात अडतीस बायकांपैकी नऊ जणींची खाती निघाली. नऊ! मला त्या नऊचा केवढा आनंद होता ते मलाच ठाऊक.

तर मी मुंबईच्या ऑफिसला तिमाही रिपोर्ट पाठवला इंग्लिशमध्ये, आणि त्यात लिहिलं, वी मेड लिटल हेडवे विथ बँक अकाउंट्स. माझ्या मनात होतं की थोडी का होईना गाडी पुढं सरकली. दोन दिवसांनी फोन आला की हे काम तिथं जमत नसेल तर पुढच्या वर्षी ते गाव सोडून द्यायचं का. मला कळेचना की हे असं का म्हणायलेत. मी फोनवर नऊ बायका, नऊ बायका करत राहिले आणि पलीकडच्या मॅडम म्हणायल्या की पण तुम्हीच तर लिहिलंय काही झालं नाही म्हणून. फोन ठेवला आणि मी रडले, खरं सांगते. कारण त्या नऊ जणींचं काम माझ्याच हातानं मी पुसून टाकलं होतं आणि कुठल्या शब्दानं पुसलं तेही मला कळत नव्हतं.

त्याआधी मी एक ऑनलाइन कोर्स केला होता, मोठ्या शहरातला, फी साडेसात हजार. त्यांनी पाचशे वाक्प्रचारांची पीडीएफ दिली होती, डावीकडं इंग्लिश उजवीकडं मराठी, त्यात 'मेक हेडवे' समोर लिहिलं होतं 'प्रगती करणे', बास. मी पाठ केलं. लिटल म्हणजे थोडं हे तर पाचवीपासून माहिती. दोन्ही जोडलं आणि रिपोर्टात टाकलं. माझा त्या कोर्सवर राग आहे आणि तो अजून गेलेला नाही, कारण पाचशे शब्द फेकून देण्यापेक्षा पन्नास नीट शिकवले असते तर बरं झालं असतं.

आता या क्लासचं. पहिल्या आठवड्यात सरांनी प्रत्येकाला विचारलं की इंग्लिशमुळं तुमचं कुठं अडलंय ते एक वाक्य लिहून आणा. मी ते रिपोर्टातलं वाक्य नेलं. सरांनी ते फळ्यावर लिहिलं, माझं नाव न घेता, आणि त्या दिवशीचा सगळा दीड तास त्याच एका वाक्यावर गेला. बावीस जणांच्या बॅचमध्ये कुणी कंटाळलं नाही, दूध संकलनवाला पोरगासुद्धा नाही.

सुरुवात त्यांनी पावसाळ्यातल्या बैलगाडीनं केली. म्हणाले, काळ्या रानात वापसा झालेला नाही, म्हणजे चिखल अजून सुकलेला नाही, गाडीत खताची पोती, चाक आखापर्यंत रुतलंय, बैल दम लावायलेत, तुम्ही मागून खांदा लावलाय, चाक फिरायलंय. कष्ट झाले का? झाले. काम चालू आहे का? आहे. हेडवे झाला का? गाडी होती तिथंच आहे, म्हणजे नाही झाला. मग चाकाखाली पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं टाकली, परत रेटा दिला आणि गाडी हातभर सरकली. तो हातभर म्हणजे हेडवे. अडवणारं काहीतरी समोर आहे आणि त्याला न जुमानता जितकं अंतर कापलं गेलं तितकं. डांबरी रस्त्यावर मोकळी गाडी पळाली तर त्याला कुणी हा शब्द सहसा वापरत नाही.

मग शब्द कुठून आला ते सांगितलं. हा जहाजावरचा शब्द आहे. जहाज समोरच्या दिशेनं, नाळेकडं म्हणजे पुढच्या टोकाकडं जितकं पुढं जातं ती त्याची चाल म्हणजे हेडवे, अहेड म्हणजे पुढं, त्याच्याशी नातं असलेला शब्द. शिडाची जहाजं होती त्या काळात, अठराव्या शतकात हा या अर्थानं रुळला, आणि वारा उलटा असेल, भरतीचं पाणी मागं ढकलत असेल तर दिवसभर शिडं ओढूनही जहाज जागचं हलत नसे. खलाशांच्या दृष्टीनं पाणी किती खळबळलं याला किंमत नाही, किनारा किती जवळ आला याला आहे. मागं जाण्याला वेगळा शब्द, स्टर्नवे, आणि वाऱ्यानं जहाज आडवं ढकललं जातं त्याला लीवे.

आता आपल्या मराठवाड्यात आठ जिल्हे आणि एकालाही समुद्र नाही, हे समजणार कसं. सरांनी मला विचारलं, ताई, माहेर कुठलं? मी म्हटलं राक्षसभुवनकडचं. मग गोदावरीत पोहलात का कधी? पोहले की, लहानपणी भावांबरोबर. पलीकडच्या काठाला नेम कशावर धरायचा? मी म्हटलं, सर, ज्या झाडाला लागायचंय त्याच्या लई वरच्या अंगाला तोंड करून निघायचं, कारण धार खाली ओढतीच, समोरच्या झाडाकडं बघून निघालं तर खालच्या उतारालाच जाऊन लागतो. सर एकदम खूश झाले, म्हणाले बघा, हात मारून तुम्ही जेवढं पलीकडं गेलात तो हेडवे, आणि धारेनं जेवढं बाजूला नेलं ते लीवेसारखं, फक्त जहाजाच्या बाबतीत ते वाऱ्यामुळं होतं. तो लीवे नंतर 'मोकळीक, थोडी सवड' या अर्थानं वापरात आला, साहेब लिहितात ना गिव्ह देम सम लीवे, ते हेच. मला तर त्या दिवशी पाण्याचा वाससुद्धा आठवला. इतकी वर्षं इंग्लिश शिकले पण इंग्लिश शब्दाला माझ्या गावाचं पाणी लागलेलं पहिल्यांदाच बघितलं.

अजून एक सांगितलं ते मला फार आवडलं. जहाजाला थोडी तरी पुढची चाल असल्याशिवाय सुकाणू लागत नाही, उभ्या जहाजाचं सुकाणू कितीही फिरवा तोंड वळत नाही. सायकलचंही तसंच, अगदी थांबली की हँडल कितीही सावरा, पडतेच.

आता माझी चूक. लिटल आणि अ लिटल. इंग्लिशमध्ये लिटल हेडवे म्हणजे जवळपास काहीच नाही, नाराजीचा सूर, आणि अ लिटल हेडवे म्हणजे थोडं झालंय, आशेचा सूर. एका 'अ' चा फरक. मी तो खाल्ला आणि नऊ बायका शून्य झाल्या. गंमत म्हणजे, नाही, गंमत नाही म्हणणार, गोंधळ म्हणजे हेडवेला स्वतःचा 'अ' कधीच लागत नाही. अ हेडवे चूक, हेडवेज चूक, टू हेडवेज तर अजिबात नाही, कारण तो पाण्यासारखा न मोजता येणारा शब्द आहे. पण अ लिटल मधला 'अ' हा लिटलचा आहे, हेडवेचा नाही. माझ्या डोक्यात 'हेडवेला अ नाही' एवढंच बसलेलं होतं म्हणून मी उलट काळजीनं तो काढून टाकला होता. सरांनी हे बरोबर पकडलं, म्हणाले नियम तुम्ही पाळला पण मालक चुकीचा धरला.

बाकी वापर असा की क्रियापद मेक. डू नाही, टेक नाही. गेन हेडवे पण चालतं पण मेक जास्त. किती ते सांगायचं तर सम, मच, एनी, सिग्निफिकंट, रिअल. कशात ते सांगायला इन किंवा ऑन, कशाकडं जायलो ते सांगायला टुवर्ड्स, कशाच्या विरोधात ते सांगायला अगेन्स्ट, म्हणजे अगेन्स्ट द विंड, अगेन्स्ट मालन्यूट्रिशन असं. आणि नकारात हा शब्द जास्त सापडतो, वी आर नॉट मेकिंग मच हेडवे, कारण जिथं अडचण असते तिथंच तो येतो.

विथ चा मामला जरा जपून. आमच्या बॅचला एक काका आहेत, अठ्ठावन्न वर्षांचे, मोंढ्यात आडत आहे, मुलाची बायको बंगालची, तिला मराठी येत नाही आणि यांना हिंदी धड येत नाही, म्हणून इंग्लिश शिकायलेत. सूनबाईशी दोन शब्द बोलावेत म्हणून या वयात माणूस रोज जिना चढून येतो, मला त्यांचं फार कौतुक वाटतं. त्यांनी वाक्य केलं की आय ॲम मेकिंग हेडवे विथ माय डॉटर-इन-लॉ. सर म्हणाले, काका, माणसापुढं विथ लावलं की अर्थ होतो त्या माणसाला राजी करण्यात, त्याचं मन वळवण्यात मी पुढं सरकलोय, जसं बँक मॅनेजरशी, विरोधी पार्टीशी. तुम्ही म्हणा विथ माय इंग्लिश. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, सर, मला दोन्ही म्हणायचंय. सरांनी दोन्ही वाक्यं फळ्यावर ठेवली.

मराठीत याला काय म्हणायचं यावर एक अख्खा तास गेला आणि माझ्या मते हाच क्लासचा सगळ्यात भारी तास. प्रगतीवर सगळ्यांनी काट मारली, प्रगती म्हटलं की प्रगतीपुस्तक आठवतं, त्यात अडथळा नाही, रेटा नाही. मग एकेक निघायला लागले. काम पुढं सरकलं, हे सगळ्यात जवळचं. काम मार्गी लागलं म्हणजे हेडवेच्या पुढची पायरी, आता ते आपोआप चालंल. जम बसला म्हणजे पाय रोवले, ते इंग्लिशमध्ये फुटहोल्डकडं जातं. मजल मारली म्हणजे ग्रेट स्ट्राइड्स, लांब ढांगा. लांबचा पल्ला गाठला म्हणजे केम अ लाँग वे, मागं वळून बघताना म्हणायचं. झपाट्यानं वाढलं म्हणजे बाय लीप्स अँड बाउंड्स, उड्या मारत. मुसंडी मारली म्हणजे गेन्ड ग्राउंड, जरा लढाईतलं. आणि नकाराला तर आपल्याकडं खजिनाच आहे, डाळ शिजंना, घोडं पेंड खायलंय. बॅचमधल्या एक नर्सताई म्हणाल्या, 'घोडं कुठं पेंड खातंय ते बघा' हे इंग्लिशमध्ये कसं म्हणायचं, तर सर म्हणाले व्हाय आर वी नॉट मेकिंग एनी हेडवे. सूर बराच जवळ बसतो. ही जी तुलना आहे ना, एका भाषेतला शब्द दुसऱ्या भाषेत सरळ ठेवायचा नाही, त्याच्या वजनाचा शोधायचा, ही मला पीडीएफच्या पाचशे ओळींत मिळाली नव्हती.

आणि मग रेल्वे. आमची बॅच चालू असतानाच १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला, अहिल्यानगरहून बीडला रेल्वे सुरू झाली. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग, मंजुरी १९९५ ची. माझा जन्म त्यानंतरचा! माझे वडील रेल्वे मागणीच्या मोर्च्यांना जायचे, आई म्हणायची ही गाडी काय तुमच्या हयातीत येत नाही. सप्टेंबर २०२२ ला आष्टीपर्यंत गाडी आली आणि तीन वर्षांनी बीडला. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, या तीस वर्षांवर वाक्यं करा. दूधवाल्या पोरानं केलं, फॉर मेनी इयर्स द रेल्वे लाइन मेड लिटल हेडवे. सर म्हणाले एक नंबर, आता 'अ' नको, कारण नाराजीच सांगायचीय. मी केलं, वर्क वॉज ऑलवेज इन प्रोग्रेस बट देअर वॉज नो हेडवे. यावर सरांनी मला उभं राहून शाबासकी दिली. कारण प्रोग्रेस हा शब्द बोर्डावर लावता येतो, वर्क इन प्रोग्रेस, आणि बोर्ड वर्षानुवर्षं उभा राहू शकतो, पण वर्क इन हेडवे असं कुणी म्हणत नाही, हेडवे म्हटलं की किती सरकलं ते दाखवावं लागतं. परळीपर्यंतचा तुकडा अजून बाकी आहे, त्याचं वाक्य पुढच्या बॅचनं करावं. वडील गाडी बघायला स्टेशनवर गेले होते, तिकिट काढलं नाही, नुसतं बघून आले.

रेल्वेवरूनच, हेडवेला अजून एक अर्थ आहे जो सरांनी शिकवला नव्हता, वाहतुकीच्या भाषेत एका मागोमाग येणाऱ्या दोन गाड्यांमधलं वेळेचं अंतर. मेट्रोच्या बातमीत येतं, हेडवे कमी करून तीन मिनिटांवर आणला वगैरे, तिथं हेडवे कमी होणं ही चांगली गोष्ट असते! मी ते वाचून गोंधळले आणि सरांना विचारलं. ते म्हणाले मला हा अर्थ माहिती नव्हता, उद्या बघून सांगतो, आणि खरंच दुसऱ्या दिवशी बघून येऊन सगळ्या बॅचला सांगितलं, या ताईंमुळं कळलं म्हणून. शिक्षकानं असं म्हणणं मी तरी पहिल्यांदा ऐकलं.

आता कमी काय आहे तेही लिहिते, नाहीतर रिव्ह्यू कसला. पत्र्याची खोली आहे, ऑगस्टमध्येसुद्धा उकाडा असतो, एकच फॅन आणि तो सरांच्या डोक्यावर नाही तर मागच्या बाकांवर, लाइट गेली की मोबाईलच्या उजेडात. गाडी लावायला जागा नाही, गल्लीत लावली की शेजारचे बोलतात. बावीस जण म्हणजे जास्तच, पंधरा असते तर प्रत्येकाला बोलायला मिळालं असतं, मला आठवड्यातून दोनदाच उभं राहून बोलायची पाळी यायची. उच्चारावर काम कमी होतं, सरांचा स्वतःचा उच्चार आपल्याकडचाच आहे, ज्यांना कॉल सेंटर किंवा परदेशी इंटरव्ह्यूची तयारी करायचीय त्यांना इथं पुरणार नाही, त्यांनी दुसरीकडं बघा. छापील नोट्स नाहीत, सगळं वहीत उतरवायचं, एक दिवस बुडाला की तो बुडाला. व्हॉट्सॲपवर शंका विचारली तर उत्तर येत नाही, सर म्हणतात समोर या. मुलींसाठी सांगते, आठला सुटल्यावर गल्लीत दिव्याचे दोन खांब बंद असतात, आम्ही चौघी मिळून निघायचो, सरांची बायको, आम्ही काकूच म्हणतो, कोपऱ्यापर्यंत सोडायला यायच्या.

फी दोन महिन्यांची अठराशे, दोन हप्त्यांत चालते. माझ्या अंदाजानं नोकरी करणाऱ्या, ज्यांना मेल-रिपोर्ट लिहावे लागतात, त्यांच्यासाठी हा क्लास उत्तम आहे. ज्यांना ए बी सी डी पासून पाहिजे त्यांना पहिले पंधरा दिवस जड जातील पण सर हात सोडत नाहीत. आठ दिवस बसून बघायला देतात, नाही पटलं तर पैसे नाहीत.

ऑक्टोबरच्या रिपोर्टात मी लिहिलं, वी हॅव मेड रिअल हेडवे विथ बँक अकाउंट्स अगेन्स्ट अ लॉट ऑफ पेपरवर्क, आणि खाली नावनिशी एकवीस बायका, कुठल्या बाईचा कुठला कागद अडला होता आणि तो कसा सुटला ते एकेका ओळीत. आधी मी चौदा मीटिंगा घेतल्या, सहा शिबिरं घेतली असंच लिहायचे, म्हणजे चाक किती फिरलं तेच. मुंबईच्या मॅडमचा मेल आला की पुढच्या वर्षी हे गाव राहील आणि शेजारचं एक जोडा. एकवीसपैकी सतरा जणी या वेळी कोयत्यावर जाताना पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेल्यात, चार जणींची अजून बँकेतून यायचीत.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, सर म्हणालेत दुसरा फॅन बसवतो. पहिल्या दिवशी जाताना तुमचं अडलेलं एक वाक्य कागदावर लिहून न्या, खरं वाक्य, पुस्तकातलं नको.